मिलिमीटर आणि बिनशेपटीचं विमान

मिलिमीटरचं खरं नाव सलूनच्या परवान्यावर लिहिलेलं होतं. पण परवाना कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असल्यामुळे ते फक्त टॉवेलांना ठाऊक होतं. बाकी सगळे त्याला मिलिमीटरच म्हणत. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसून "थोडे बारीक करा" म्हटलं, की हा कात्री हवेत थांबवून विचारी, "थोडे म्हणजे किती मिलिमीटर?" स्वतःच्या डोक्याची एवढी सखोल माहिती कुणाकडेच नसे. मग तोच म्हणे, "आठ ठेवू. मागच्या वेळी नऊ ठेवले होते, तुम्ही दोन दिवस नाराज होता."

बत्तीस वर्षं एक खुर्ची, एक आरसा आणि एक वस्तरा. कात्रीवर त्याचं पोट होतं आणि वस्तऱ्यावर जीव. इतर सलूनांत दाढीलाही यंत्रं आली होती, तरी तीन गल्ल्या ओलांडून लोक इथे येत ते त्या वस्तऱ्यासाठी. वस्तरा गालावरून गेला हे गिऱ्हाइकाला कळायचं ते गाल गार लागल्यावर. बत्तीस वर्षांत रक्ताचा थेंब नाही, असं मिलिमीटर स्वतः कधी म्हणत नसे. दुसरं कुणी म्हणालं तर मात्र खोडून काढत नसे.

आणि एका सकाळी थेंब आला.

खुर्चीत चष्मेवाले होते. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, एक दिवसाआड दाढीला येणारे आणि गळ्यावर वस्तरा असतानाही बोलणारे. त्यांच्या उजव्या कानाखाली मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. चष्मेवाल्यांना पत्ताही लागला नाही. माणसं चाळिशी लागली हे कबूल का करत नाहीत, यावर त्यांचं चाललं होतं. मिलिमीटरनं तुरटी लावली, ठिपका पुसला आणि मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. फार नाही, एखाद्या मिलिमीटरनं.

झालं. त्या दिवसापासून बिचाऱ्याला एकच ध्यास लागला. सकाळी शटर वर करायच्या आधी तो हात लांब करून बघायचा. हातावर कागद ठेवून बघायचा. कागद हलला की हात बंद करून खिशात, आणि कागद हलला नाही की मनात पाल चुकचुकायची, आत्ता हलला नाही, पण दाढीच्या वेळी हलला तर? हात थरथरतो म्हणून काळजी, की काळजी म्हणून हात थरथरतो, हे कोडं घेऊन तो रात्री कुशीवरून कुशीवर व्हायचा. बायकोला त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. तिच्या कानावर हे गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाचा केसपेपर निघाला असता.

आता या सगळ्यात विमान कुठून आलं? तर ते ड्रायव्हरसाहेबांमुळे.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे निवृत्त बसचालक. पस्तीस वर्षं बस चालवून झाल्यावर त्यांना रस्त्यांचा कंटाळा आला आणि ते रिमोटवरची विमानं उडवायला लागले. जुन्या वीटभट्टीमागच्या मैदानावर त्यांच्यासारखेच पाच-सहा जण जमत, त्यांचे हे गुरू. दर महिन्याला केस कापताना ते विमानांबद्दल बोलत आणि मिलिमीटर "हो ना" म्हणे. गिऱ्हाईक बोलेल त्याला "हो ना" म्हणायचं, हा धंद्याचा पहिला नियम. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग एकदा ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, "तुलाही एखादं बनवावंसं वाटत असेल, नाही?" मिलिमीटरचं सगळं लक्ष आपल्या बोटांकडे होतं. तोंडातून सवयीनं "हो ना" गेलं. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरसाहेब बगलेत पांढऱ्या फोमचे दोन ठोकळे घेऊन दारात उभे.

"पहिलंच आहे तर साधं बनवू. नुसता पंख."

"नुसता पंख? मग विमान कुठे?"

"पंख हेच विमान. याला धड नाही, शेपूट नाही. मागे मोटार, पोटात बॅटरी, आणि दोन्ही बाजूंना मागच्या कडेला एकेक हलणारं पातं. ज्या बाजूचं वर उठेल, तिकडे विमान वळणार. संपलं."

"म्हणजे शेंडा ना बुडखा."

"हां. म्हणूनच आपटलं तरी मोडायला फारसं काही नसतं."

दुपारी दोन ते चार सलूनमध्ये चिटपाखरू नसे. तेव्हा काम चाले. पातळ प्लायचे दोन साचे ठोकळ्याच्या दोन टोकांना लावायचे आणि तापलेली तार दोघांनी दोन बाजूंनी, एका वेगानं, साच्यावरून ओढत आणायची. पहिला पंख वाया गेला, कारण ड्रायव्हरसाहेबांनी आपलं टोक बस थांब्यावर आणावं तसं एकदम आणून उभं केलं. दुसरा जमला. मग मिलिमीटरनं जुना वस्तरा काढून फोमची दाढीच केली. फोमलाही नीट आणि उलट अशा दोन बाजू असतात, हे त्याला बोट फिरवताच कळलं. पुढची गोलाई, मागची धार, सगळं त्यानं असं उतरवलं की ड्रायव्हरसाहेब पंखावरून हात फिरवत म्हणाले, "माझ्या दाढीला कधी एवढी मेहनत घेतली नाहीस." पंखात कार्बनची नळी गेली, वरून चिकटपट्टी गुंडाळली, वर नारिंगी आणि खाली काळी, म्हणजे हवेत उलटसुलट झालं तर कळावं. काड्यापेटीएवढ्या दोन मोटारी पाती हलवायला बसल्या.

मग आला तोल. विमानाचा तोल नाकापासून बरोबर एकशे नव्वद मिलिमीटरवर हवा, असं ड्रायव्हरसाहेब म्हणाले. हे ऐकून मिलिमीटरला आयुष्यात प्रथमच आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला. दोन बोटांच्या टोकांवर पंख तोलत आणि बॅटरी केसभर पुढे, केसभर मागे सरकवत त्यानं दोन दुपारी घालवल्या.

या सगळ्या कामात हात एकदाही थरथरला नव्हता. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मिलिमीटर झाला नाही. त्याचं म्हणणं, फोमला काय, रक्त थोडंच येतं? भीती नसली की कुणाचाही हात स्थिर राहतो. परीक्षा घ्यायची तर घाबरलेल्या हाताची घ्यायला हवी. आणि उडवण्याच्या नुसत्या विचारानं त्याची पाचावर धारण बसत होती. मग यासारखी परीक्षा दुसरी कुठली? रिमोटची दांडी एक-दोन मिलिमीटरच हलवायची असते, वस्तऱ्यासारखीच. त्यानं मनाशी ठरवून टाकलं की विमान सुखरूप परत आलं तर वस्तरा चालू. नाही आलं तर वस्तरा पेटीत कायमचा, आणि उरलेलं आयुष्य दोन नंबरचं आणि तीन नंबरचं मशीन.

असली शपथ शहाणा माणूस घेत नाही. पण शहाणा माणूस फोमची दाढीही करत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते मैदानावर गेले. बायको मागून येणार होती. वारा जवळजवळ नव्हता. बाकीची मंडळी आपापली विमानं खाली ठेवून बघायला उभी राहिली, त्यामुळे मिलिमीटरनं रिमोट आणखी दोनदा शर्टाला पुसला.

"हे बघ," ड्रायव्हरसाहेबांनी समजावलं, "लांब जाताना सोपं असतं. परत आपल्याकडे यायला लागलं, की डावं-उजवं उलटं होतं. तिथेच घोडं पेंड खातं. लक्षात ठेव."

"हो ना," मिलिमीटर म्हणाला. सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच त्याला सोपी वाटली होती. "साहेब, बत्तीस वर्षं आरशात बघून लोकांचे कल्ले कापतोय. उलट्याचं मला काय सांगता?"

"तेही खरंच," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी विमान हवेत फेकलं.

ते चढलं. मागची मोटार भुणभुणत होती. मिलिमीटरचा अंगठा दांडीवर होता आणि काळीज अंगठ्यात. विमान सरळ लांब गेलं. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे. हात स्थिर होता. त्याला घाम फुटला होता, कानात दडे बसले होते, पण हात स्थिर होता. आता परत आणायचं. त्यानं डावीकडे वळवलं, आणखी वळवलं, आणि नारिंगी नाक त्याच्याकडे फिरलं.

आता ते समोरून त्याच्याकडे येत होतं, त्याच्या उजव्या हाताला थोडं कललेलं. डावीकडे घ्यायला हवं होतं. त्यानं दांडी डावीकडे दिली. ते आणखी उजवीकडे कललं. त्यानं आणखी डावीकडे दिली. ते त्याहून उजवीकडे.

"उलटं, उलटं दे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, पण तोवर विमानानं पोट दाखवलं, पाठ दाखवली आणि मैदानाच्या कडेला गवतात नाक खुपसलं. आवाज अगदी साधा आला, कुणी उशी टाकल्यासारखा.

बायको तेवढ्यात मैदानाच्या फाटकाशी पोचली होती. तिनं विमान पडताना पाहिलं नाही, नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"होतं असं," ड्रायव्हरसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "अजून हात बसला नाही तुझा. बसेल."

मिलिमीटरनं त्यातला एकच शब्द ऐकला. हात. म्हणजे यांनाही दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि बोलायला लागले. बराच वेळ गालाला साबण लागेना, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"दाढी बंद केली आहे," मिलिमीटर म्हणाला.

"कुणाची?"

"सगळ्यांचीच. आता फक्त केस."

"म्हणजे मी अर्धं तोंड तुमच्याकडे आणायचं आणि अर्धं दुसऱ्याकडे न्यायचं?" चष्मेवाल्यांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं. "बरं नाही का तुम्हाला?"

"काही नाही."

संध्याकाळी घरी बायकोनं चहा समोर ठेवला आणि स्वतः समोर बसली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"खिडकीवर रोज पन्नास नवरे बघते मी. सगळे 'काही नाही' म्हणतच येतात. एकानं तर बोट कापून रुमालात आणलं होतं, तोही 'काही नाही' म्हणाला." तिनं कपाकडे बोट दाखवलं. "अहो, दोन महिने मी तुमचा कप अर्धाच भरते आहे. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मिलिमीटरनं कपात पाहिलं. खरंच अर्धा होता. दोन महिने आपण हुशारीनं चहा न सांडता पितो आहोत, असा त्याचा समज होता. मग त्यानं सगळं सांगितलं, ठिपका, कागद, विमान, शपथ, पेटी. शेवटी ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टर असतात. नाव घालते. तोवर ते विमान दुरुस्त करा, हात मोकळे ठेवू नका. मोकळा हात फार बोलतो."

विमानाचा डावा पंख मधोमध मोडला होता. बुधवारी दुपारी मिलिमीटरनं तो चिकटवला, फोम भरला आणि पाती नीट हलतात का हे बघायला विमान गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ठेवलं, नाक आरशाकडे. सवयीनं गळ्याभोवती कापडही गुंडाळणार होता. बाकावर चष्मेवाले बसले होते. दुकान दुपारी बंद म्हणून आलो, असं म्हणाले, पण खरं म्हणजे ते त्याची काळजी करायला आले होते आणि दृष्टिदोषांवर बोलून ती लपवत होते.

मिलिमीटर खुर्चीमागे उभा राहिला, नेहमीच्या जागी, आणि नेहमीप्रमाणे आरशात पाहिलं. आरशातलं विमान नाक पुढे करून त्याच्याकडे बघत होतं. अगदी त्या दिवशी येत होतं तसं. त्यानं दांडी डावीकडे दिली. आरशात डाव्या बाजूचं पातं वर झालं. म्हणजे डावीकडेच जायला हवं होतं. त्यानं हेच तर केलं होतं. मग ते उजवीकडे का गेलं?

त्यानं पुन्हा दिली. पुन्हा डावं पातं.

"बघा," तो चष्मेवाल्यांना म्हणाला, "समोरून येतंय. मी डावीकडे देतोय. डावीकडे जायला हवं की नको?"

"समोरून कुठे येतंय?" चष्मेवाले म्हणाले. "ते तर तुमच्याकडे पाठ करून बसलंय."

मिलिमीटरचा हात दांडीवरच थांबला. त्यानं आरशातल्या विमानाकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या विमानाकडे. मग सावकाश खुर्ची फिरवली. आता विमानाचं नाक खरोखर त्याच्या पोटाकडे आलं. त्यानं दांडी डावीकडे दिली. त्याच्या उजव्या हाताचं पातं वर झालं.

त्यानं खुर्ची आरशाकडे फिरवली. डावं. आपल्याकडे फिरवली. उजवं. पुन्हा आरशाकडे. खुर्ची करकरत होती आणि चष्मेवाले बाकावरून उठून उभे राहिले होते.

"मी तर समजत होतो की आरसा उलटं दाखवतो," मिलिमीटर म्हणाला.

"सगळे तसंच समजतात. आरसा डावं-उजवं बदलत नाही हो. डावा कान डावीकडेच ठेवतो. तो फक्त मागचं पुढे करतो." चष्मेवाल्यांना बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मन लावून ऐकणारं भेटलं होतं. "तुम्ही गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहता, म्हणून तुमचं डावं तेच त्याचं डावं. बत्तीस वर्षं तुम्हाला चेहरा समोर दिसतो, पण तुम्ही कुणाच्या समोर कधी उभेच राहिला नाहीत."

मिलिमीटर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. समोरून येणारा चेहरा दिसला, की डाव्याला डावं, हे हाताच्या हाडात गेलं होतं. त्या दिवशी हात चुकला नव्हता. हातानं बत्तीस वर्षांचं काम, घाबरलेलं असताना, काटेकोर केलं होतं. आरसा नव्हता, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण असं वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. बुधवारपासून सुट्टीपर्यंत त्याची तगमग आणखीच वाढली. आधी निदान निकाल लागला होता. आता खटला पुन्हा उभा राहिला होता. शुक्रवारी डॉक्टरांनी हात लांब करायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. मिलिमीटरचे गोल बघून ते म्हणाले, "एवढे गोल तर माझेही येत नाहीत." वयानं थोडं कंपन असतं, काळजीनं वाढतं, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, काळजी करू नका. काळजी करू नका हे ऐकून त्याला काळजी वाटली. सगळ्यांनाच असं सांगतात का, हे त्यानं बायकोला विचारलं. "नाही," ती म्हणाली. "काहींना बसवून घेतात. तुम्हाला उभ्यानं घालवलं."

सुट्टीला तो बायकोला घेऊन मैदानावर गेला आणि ड्रायव्हरसाहेबांना सगळा प्रकार सांगितला. ते डोकं खाजवायला लागले.

"मग मी आरसा धरू का यांच्यासमोर?" बायकोनं विचारलं. तिच्या पिशवीत खरोखरच मान दाखवायचा हातआरसा होता. "हे विमानाकडे पाठ करून उभे राहतील."

"वहिनी, उन्हाचा कवडसा पडला तर मैदानातली सगळी विमानं खाली येतील. आरसा राहू द्या." ड्रायव्हरसाहेबांनी मिलिमीटरचे खांदे धरून त्याला फिरवलं. "पाठ करायची, हे मात्र बरोबर आहे. विमान तुझ्याकडे यायला लागलं, की तू पण वळ. ते तोंड करेल तिकडेच तोंड कर आणि खांद्यावरून मागे बघ. बस रिव्हर्स घेताना बघायचो तसं. मग तुझं डावं तेच त्याचं डावं. गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतोस ना, तसंच. फक्त गिऱ्हाईक तुझ्या मागे."

विमान हवेत गेलं. ते लांब गेलं, मैदानाच्या टोकाला झाडांच्या रांगेपर्यंत. परतीचं वळण घेताना त्याला अंगठ्यात ती बारीक थरथर जाणवली. आली, त्याला वाटलं. बरोबर वेळेवर आली. नाक फिरलं, नारिंगी कड त्याच्याकडे वळली, आणि तो सबंध फिरून विमानाकडे पाठ करून उभा राहिला, मान मुरगाळून, एक पाय वाकडा, रिमोट पोटाशी. बाकीची मंडळी हसायला लागली, ती त्याला ऐकू आली नाही.

विमान डावीकडे कललं होतं. त्यानं दांडी उजवीकडे दिली, केसभर. ते सरळ झालं. पुन्हा थोडं कललं, पुन्हा केसभर. ते मोठं होत होत डोक्यावरून गेलं आणि त्याच्यासमोर लांब निघालं. त्यानं श्वास सोडला. मग पुन्हा वळण, पुन्हा गिरकी, पुन्हा मान वाकडी. अशा चार फेऱ्या झाल्या. मैदानावर विमान फिरत होतं त्यापेक्षा मिलिमीटर जास्त फिरत होता. पाचव्या फेरीला ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आता उतरव, नाहीतर तुला चक्कर येईल." त्यानं मोटार बंद केली. पंख गवतावरून घसरत आला आणि त्याच्यापासून दहा पावलांवर थांबला.

मिलिमीटरनं हात लांब करून पाहिला. तो चांगलाच थरथरत होता. त्यानं घाईनं तो खिशात घातला.

"लपवतोस काय," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. तोही थरथरत होता. पलीकडच्या दोघांनीही हात पुढे केले. "उतरल्यावर सगळ्यांचेच हलतात. हवेत असताना हलले नाहीत ना?"

"हलले. थोडे."

"मग?"

मिलिमीटरनं विचार केला. "मग काही नाही. तरी आलं."

सोमवारी सकाळी शटर वर झालं तेव्हा चष्मेवाले दाराशीच उभे होते, दोन दिवसांची दाढी घेऊन. आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं, आणि तिथे म्हणे ब्लेड गरम पाण्यात बुडवतच नाहीत. ते खुर्चीत बसले, मान मागे टाकली. मिलिमीटरनं पेटी उघडून वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवला. गालावर साबण घातला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली आणि एक क्षण थांबला.

"त्या दिवशी मी तुम्हाला कापलं होतं," तो म्हणाला. "कानाखाली."

"माहिती आहे मला. चांगलं झोंबलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलायला जागा कुठे होती? मी चाळिशीवर बोलत होतो."

मिलिमीटरनं वस्तरा कानाखाली टेकवला. अंगठ्यात काहीतरी हललं, मग नेहमीच्या जागी बसलं. वस्तरा खाली आला, जबड्याच्या कडेनं, पांढऱ्या फेसात एक स्वच्छ रस्ता पाडत. चष्मेवाले दूरचा आणि जवळचा चष्मा एकातच घ्यावा की वेगवेगळा, यावर आले होते. गळा झाला, हनुवटी झाली. मिलिमीटर वस्तरा हवेत धरून वाट बघत उभा राहिला, पण त्यांना श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

"चष्मेवाले," तो शेवटी म्हणाला, "दोन मिनिटं तोंड मिटा. ओठावरचं राहिलंय."